मिसेस लीमांची चिमणी

"लकड़ी की चिमनी? पहले दिन ही राख हो जाएगी, बी.एस्सी.!" फोन ठेवत सरदारजी म्हणाले.

सरदारजी म्हणजे आमचे मालक. चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचं वर्कशॉप होतं. मायक्रोस्कोपसारखी नाजूक उपकरणं ठेवायच्या लाकडी पेट्या आम्ही बनवायचो. मी तिथे ट्रायलवर सुपरवायझर होतो. जिनिंगमधल्या हमालाचा मुलगा, घराण्यातला पहिला बी.एस्सी. हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे सरदारजींनी मला नावाने कधी हाक मारलीच नाही. राहायला ताईकडे होतो. भाऊजींची केंद्र सरकारची नोकरी, बदली होऊन इकडे आलेले. ट्रायल संपत आली होती. काम पसंत पडलं नाही तर यवतमाळला परत जायचं, आणि तिथे नोकरी मिळत नव्हती म्हणून तर इतक्या लांब आलो होतो.

ऑर्डर होती सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतल्या कुणा मिसेस लीमा यांची. बाई सायंटिस्ट. घरच्या बागेत लावायला, चिमनीसाठी लाकडाचं घर पाहिजे. पुढच्या बाजूला एकच भोक, सव्वा इंची.

"बागेत चिमनी कशाला?" मी हिंदीत विचारलं.

"हमाम रखा होगा जी, और क्या! तू पढ़ा-लिखा है, तू सोच. यह काम अकेला करके दिखा, फिर तू पक्का."

हमाम म्हणजे आपला पाणी तापवायचा बंब. मी विचार केला. बंबाच्या धुराड्याभोवती लाकूड, म्हणजे ते पेटता कामा नये. आतून ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याचं अस्तर. पाइप आरपार जायला वरून, खालून मोकळं. मग सव्वा इंची भोक कशाला? तेही सुचलं. सायंटिस्ट बाई, धुराचं तापमान मोजणार. थर्मामीटर घालायला भोक!

"वाह!" सरदारजी मिस्त्रींकडे वळून म्हणाले, "देख लो, इसे कहते हैं पढ़ाई."

देवदारची दोन फूट उंच चौकोनी पेटी तयार झाली. बाहेरून पॉलिश. फिटिंगसाठी करवत, हातोडी, खिळे, बिजागऱ्या पिशवीत घालून मी सायकलरिक्षाने निघालो.

सरकारी क्वार्टर होतं. सपाट छत, बागेत गुलाब. बंब दिसेना. बाईंनी फाटक उघडलं.

"चिमनी कहाँ है जी?" मी विचारलं.

"अभी कहाँ से? पहले घर लगेगा, तब आएगी."

"घर पहले लगा दिया, तो पाइप कैसे डालेंगे?"

"पाइप?" बाईंनी पेटी उचलली, तिच्यातून आरपार आभाळ पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "अगं बाई, याला तर बूडच नाही! चिमणी बसणार कशावर?"

मी फाटकावरची पाटी वाचली. लिमये.

"बाई, तुम्ही मराठी?"

"आणि तू?"

"यवतमाळचा जी. बाई, तुम्ही फोनवर काय सांगितलं होतं?"

"चिमनी के लिए घर. का? बरोबर आहे ना?"

आपल्याकडे पाखरूही चिमणी आणि धुराडंही चिमणी. हिंदीत मात्र चिमनी म्हणजे धुराडं. पाखराला चिड़िया म्हणतात. हे मी बाईंना सांगितलं. बाई हसत सुटल्या. "इतकी वर्षं भाजीवाल्याशीसुद्धा चिमनीबद्दल बोलतेय मी! बिचारा काय समजत असेल!" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "काय झालं रे?"

मी ट्रायलचं सांगितलं.

त्यांना ऑर्डर रद्द करता आली असती. त्या म्हणाल्या, "लाकूड झकास आहे. करवत आणलीयस ना? मग बस व्हरांड्यात."

आतापर्यंत मी मिस्त्रींना फक्त सूचना दिल्या होत्या. त्या दिवशी करवत स्वतः धरली. पत्रा काढून टाकला. पेटी मधोमध कापली. भोक असलेला अर्धा भाग ठेवला, दुसऱ्या अर्ध्यातून बूड आणि छप्पर काढलं. बाई पोहे परतत खिडकीतून सांगत होत्या. छप्पर पुढे उतरतं ठेव, पाऊस आत जायला नको. बुडाला कोपऱ्यात बारीक छिद्रं पाड, आलंच पाणी तर निघून जाईल. छप्पर बिजागरीवर बसव, उघडून साफ करता येतं. अस्तरामुळे आतल्या बाजूला पॉलिश लागलं नव्हतं, ते उत्तमच झालं. खडबडीत लाकडावर पिल्लांना चढता येतं. शोभेसाठी भोकाखाली मी एक दांडी ठोकायला घेतली.

"ती नको. दांडी चिमणीला लागत नाही, कावळ्याला लागते."

भोक तेवढं पहिल्यापासून बरोबर होतं.

घर बागेत लावून वर्कशॉपला परत गेलो तेव्हा सरदारजी माल घेऊन डेराबस्सीला गेलेले. ते आले दुसऱ्या दिवशी, आणि मी तोंड उघडणार तोच फोन वाजला. त्यांनी बराच वेळ ऐकलं. रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"बी.एस्सी., मिसेस लीमा बोलती है, चिमनी आ गई. अपने आप. साथ में घरवाला भी है, घास ला रहा है."

मी सगळं सांगितलं. बंब, पाइप, थर्मामीटर. ते ऐकत होते. फोनवर बाईही ऐकत असाव्यात, कारण रिसीव्हरमधून हसण्याचा आवाज येत होता. सरदारजी हसले नाहीत. मला वाटलं, संपलं.

"आर्डर किसने लिखा था?" त्यांनी विचारलं.

"आपने."

"और मैंने पूछा था, चिमनी कौन सी?"

"नहीं जी."

त्यांनी फोन उचलला, वायर ओढत ओढत आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "ले. मैडम से बात कर. आज से तू ही उठाया कर." मग मात्र हसले, इतके की मिस्त्री काम सोडून बघायला आले.

त्या टेबलावर मी पुढे बरीच वर्षं काढली. त्या दोघांमुळे. एकीने माझी चूक व्हरांड्यात बसवून दुरुस्त करून घेतली, दुसऱ्याने त्या चुकीतला आपला वाटा मागून घेतला. असे लोक नोकरीच्या सुरुवातीला भेटणं हे नशीबच.

धंद्यापुरतं इतकंच शिकलो: गिऱ्हाइकाने वस्तूचं नाव सांगितलं की पेन्सिल उचलायची नाही. आधी विचारायचं, तिचं करणार काय? गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.