कंपनीतलं पाणी

मला अजून राग येतो, आणि तो मी कमी करून सांगणार नाही.

नामा कळंबचा. कुंभिवलीच्या आमच्या कारखान्यात एकोणीस वर्षं पंप सांभाळतोय. शाळा चौथीपर्यंत, बोलणं मोजकं, पण पंपाचा आवाज जरा बदलला तरी त्याला आधी कळतं. मी सोनाली, तिथली कॉम्प्युटरवाली. दहिवलीहून येते, एसीत बसते, आणि तेव्हा मला स्क्रीनवर दिसेल तेच खरं वाटायचं.

मार्चमधल्या एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, पंप बंद पडलाय. टाकीत पानी चढत नाय. हातानं चालू करू का?"

हाताने चालू करायला ऑफिसची परवानगी लागते. मी स्क्रीन बघितली. पंप चालवणाऱ्या प्रोग्रामपुढे हिरवा दिवा. म्हटलं, "नामाभाऊ, इथे चालू दाखवतंय. डुलकी लागली होती का?"

"नाय ओ, मी पंपापाशीच उबा हाय."

मी परवानगी दिली नाही. दोन तासांत टाकी कोरडी पडली आणि थंड पाण्यावाचून आतला सगळा माल वाया गेला. मग साहेबांनी पंप हाताने सुरू करायला लावला आणि नामाच्या नावाने नोटीस काढली. त्यांचं म्हणणं, स्क्रीनवर प्रोग्राम चालू होता, म्हणजे यानेच पंप बंद केला आणि वर खोटं बोलला. शुक्रवारी चौकशी, नंतर नोकरीवरून कमी.

नोटीस घेऊन तो माझ्याकडे आला. "ताई, मी खोटं बोललो का वो?"

मग मी बसले आणि चालू असलेल्या प्रोग्रामांच्या यादीत 'pani' शोधलं. एक ओळ सापडली. नीट वाचली, तर ती 'kampani' होती! आमच्या ऑफिसातल्या नवीन नावाच्या पोराने पंपाच्या प्रोग्रामला 'pani' नाव दिलं आणि हजेरीच्या प्रोग्रामला 'kampani'. कंपनीच्या शेपटात पाणी असतंच. पंपाचा प्रोग्राम त्या दुपारपासून मेलेला, हजेरीचा जिवंत, आणि त्याच्या जिवावर हिरवा दिवा. मी पुन्हा शोधलं, या वेळी शोधायच्या कमांडमध्ये एक 'x' घालून, म्हणजे अख्खं नाव जुळलं तरच दाखव. काहीच आलं नाही.

नाव शोधून हिरवा दिवा लावणारी, 'x' नसलेली ती कमांड कुणी लिहिली होती? मीच. एक अक्षर घालायचा कंटाळा माझा आणि खोटारडा ठरला नामा. तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी कळंबला जाऊन मी त्याचे पाय धरले.

शुक्रवारी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "ठीक आहे, तांत्रिक चूक. बाहेर बोलू नका." आणि दुसरं पत्र नामापुढे सहीला ठेवलं. त्याने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. 'सदर कर्मचाऱ्यास या वेळी माफ करण्यात येत आहे.'

नामा जागचा हलला नाही.

"ताईनं घरी येऊन माफी मागितली, ती मी घेतली," तो म्हणाला. "ह्ये उलटं लिवलंय सायेब. आता तुमची ऱ्हायली."

आणि पेन त्याने साहेबांकडे सरकवलं.