पंखाचं टोक

माझ्या बायकोच्या पायाला भिंगरी आहे. मंजुषा खोडाळ्याच्या शाळेत शिक्षिका, मी मोखाड्यात कारकून. मला खुर्ची आवडते. तिला खुर्ची दिली तर ती तिच्यावर चढून पंखा पुसायला घेते. शिवणकाम, मधमाश्या, कराटे, सगळं करून झालं. एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी तोंडावर म्हणायचो आणि संध्याकाळचा चहा गमवायचो.

मग जामसरकडच्या माळावर ग्लायडर क्लब निघाला. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. माळाच्या दुसऱ्या टोकाचं यंत्र दोर गुंडाळत जातं, त्या ओढीनं ते चढतं. वर गेलं की दोर सोडायचा, पुढे हवेची मर्जी. क्लबात पगारी कुणी नाही. शिकवणारे उमेशसर हवाईदलातून निवृत्त झालेले. दोर परत ओढून आणणारा पोशेऱ्याचा रोहिदास एरवी वडापची जीप चालवतो. आधी राबायचं, पाळी आली की उडायचं. मंजुषा बघायला म्हणून गेली आणि नाव घालूनच आली.

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये," मी म्हणालो.

"हातात काय आहे?" तिनं विचारलं.

मला राग आला. मी होतो ना!

वाटलं, महिन्याभरात कंटाळेल. कसली कंटाळते! वर्षभर दर रविवारी गेली. उन्हात विमान ढकललं, धुतलं, सरांना मागच्या जागेवर बसवून उडत राहिली. घरी भाकरी थापतानाही खिडकीतून ढग बघायची. खरं सांगतो, मला त्या ढगांचा हेवा वाटायचा.

फेब्रुवारीत सर म्हणाले, "आता एकटीनं." त्या आठवड्यात कचेरीत माझे शिक्केसुद्धा उलटे पडले. रविवारी मी पहिल्यांदाच माळावर गेलो, तर सरांनी लगेच कामाला जुंपलं. ग्लायडरला मधोमध एकच चाक, त्यामुळे ते एका कुशीला कलतं. कुणीतरी पंखाचं टोक उचलून सरळ ठेवायचं, विमान निघालं की थोडं सोबत पळायचं आणि सोडायचं.

"धरायचं नाही हो, नुसता हात टेकवायचा," सरांनी बजावलं.

मागची जागा रिकामी होती. मंजुषानं काचेचं झाकण लावलं. दोर ताणला, विमान हललं, मी पळालो आणि हात सुटेचना. सुटेचना कसला, मीच सोडला नाही. विमान माझ्याकडे तिरकं फिरलं. तिनं झटकन दोर सोडून दिला म्हणून सगळं धुळीवर निभावलं. सर मला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी चाक, पंख, शेपूट तपासलं आणि दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली.

"नको सर, हेच धरतील," मंजुषा आतूनच म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच, "अहो, सोडलंत तर मी जाईन. नाही सोडलंत तर पडेन."

या वेळी सोडलं.

एक फेरी मारून उतरायचं ठरलं होतं. ती उतरेना. एका घारीशेजारी, वर चढणाऱ्या गरम हवेत गोल गोल फिरत वर वर चालली. मी माळावर येरझारा घालत होतो.

"दादा, बसा ना," रोहिदास हसला. "वर गेलेला काय वरच नाय ऱ्हात."

मला बसवेना. जीव टांगणीला लागला होता आणि टांगायला वर खुंटीसुद्धा नव्हती.

शेवटी ती माळाच्या पार टोकाला उतरली. मी धापा टाकत पोचलो तेव्हा झाकण उघडून ती आतच बसली होती.

"मला वाटलं, आता येतच नाहीस," मी म्हणालो आणि रडलो. लपवलं नाही.

"मलाही वाटलं," ती म्हणाली. "उतरूच नये असं वाटलं."

"मग का उतरलीस?"

मला वाटलं, ती माझं नाव घेईल.

"हवा संपली," ती म्हणाली आणि बाहेर येऊन विमान ढकलायला लागली. मीही हात लावला. पुढचा माणूस खोळंबला होता.