मन्नाएखेळ्ळीचा पांढरा हत्ती

पडदा वर जातो तेव्हा समोर एक अंगण दिसतं. मन्नाएखेळ्ळीच्या सडकेला लागून, पत्र्याच्या छपराचं. छपराखाली कापसातली सरकी काढणारं नवंकोरं जिन, शेजारी ते फिरवणारं तेलाचं इंजिन, आणि बाकड्यावर कपाळी विभूती लावून बसलेले गुरुशांतप्पा. हंगाम ऐन भरात. सडकेवरून कापसाच्या गाड्या एकामागून एक चाललेल्या, पण या अंगणात एकही वळत नाही. नेपथ्य लावून तयार आणि पात्रांचा पत्ता नाही, अशी त्या माणसाची गत झाली होती.

काळ निजामाच्या राजवटीतला, सिनेमा नुकता कुठे बोलायला लागला होता तेव्हाचा. गुरुशांतप्पांनी जन्मभर मीठमिरची तोलली आणि पन्नाशीला टेकल्यावर हे यंत्र आणलं. गुलबर्ग्याच्या व्यापाऱ्याशी बोली अशी, की या हंगामात चाललं तर ठेवायचं, नाही तर परत. आणि नेमकी गावात आवई उठली, यंत्रातली सरकी फुटकी निघते, पेरली तर उगवत नाही. आता शेतकरी रुई विकतो, पण सरकी पुढच्या पेरणीला घरी नेतो. बियाण्याशी खेळ कोण करणार? श्रीपतराव नावाचे जाणते शेतकरी तर पारावर बसून म्हणायचे, "लोखंडाच्या दातातनं निघालेलं बी, ते काय उगवतंय?"

यंत्र लोकांच्या डोळ्यांना दाखवलं पाहिजे, हे गुरुशांतप्पांनी ओळखलं. जत्रेत तंबूतला सिनेमा बघायला सगळा तालुका लोटायचा. खेळाआधी आपल्या जिनचं हलतं चित्र दाखवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. राहिला प्रश्न चित्र काढणारी कंपनी निवडण्याचा.

एक कंपनी हैदराबादची. गुरुशांतप्पा तिथे जाऊन आले. चित्रं अशी लख्ख की पाहत राहावं. पण तिथले साहेब म्हणाले, "गावात यायची गरज नाही. आमच्या बागेत घेऊ. यंत्र पडद्यावर रंगवू. शेतकरी म्हणून आमची माणसं उभी करू."

"पण रंगवलेलं यंत्र सरकी कशी काढंल, साहेब?"

"शेटजी, बघणाऱ्याला काय कळतंय?"

दुसरी कंपनी अंकुशरावांची. कंपनी कसली, मोडलेल्या नाटकमंडळीतून उरलेले चार नट, एक तंबू आणि हाताने फिरवायचा एक कॅमेरा. अंकुशराव मूळचे पुण्याकडचे. त्यांच्या चित्रात माणसं अंगात आल्यासारखी थरथरायची. गुरुशांतप्पांचं मन हैदराबादकडे झुकलेलं. तरी अंकुशरावांनी शब्द टाकला म्हणून त्यांना म्हणाले, "एकदा जागा बघून जा, मग ठरवू."

अंकुशराव आले त्या दिवशी गुरुशांतप्पा बीदरला गेलेले. घरात त्यांच्या पत्नी कमलम्मा. माहेर सेडमकडचं, मराठी जेमतेम.

"अक्का, चित्रात मुख्य काय दाखवायचं?"

"हत्ती," कमलम्मा म्हणाल्या.

"हत्ती?"

"व्हय. पांढरं हत्ती. काळं पडलेलं असलं तर आमी घेत न्हाई."

अंकुशराव चपापले. "असतात कुठं हे हत्ती?"

"माडीवर."

"माडीवर?"

"मग? खाली ठेवलं तर उंदरं खातेत की."

अंकुशरावांनी मनाशी जुळवून टाकलं, शेटजींच्या मालाचा छाप हत्तीचा असणार आणि माडीवर त्याच्या पाट्या असणार. चहा घेऊन ते खुशीत परतले. कानडीत कापसाला 'हत्ती' म्हणतात, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? इथल्या शेंबड्या पोराला जे ठाऊक, ते पुण्याच्या माणसाला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

बाजाराच्या दिवशी सडकेवर एकच गलका उठला. पुढे ढोल, मागे अंकुशराव कॅमेरा खांद्यावर घेऊन, आणि मधोमध डुलत येणारा पांढरा शुभ्र हत्ती. जुन्या नाटकातला इंद्राचा ऐरावत, कामट्यांचा आणि कापडाचा, वर ताजा चुना. पुढच्या पायांत राघोबा, मागच्या पायांत दुसरा नट.

"राघोबा, जरा हळू. मला काय दिसायलंय का इथं?"

"तुला दिसून काय करायचंय? तू शेपूट हालव."

अख्खा बाजार हसत, ढकलाढकली करत हत्तीमागोमाग अंगणात शिरला. गुरुशांतप्पा बाकड्यावरून उठले ते उभेच राहिले.

"अंकुशराव, हे काय आणलंत?"

"हत्ती, अप्पा. पांढरा. अक्कांनी सांगितला तसाच."

कमलम्मांनी दारातून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अय्यो, मी हत्ती म्हणाले. ह्यांनी आने आणलं." कानडीतला आने म्हणजे खरोखरचा हत्ती.

हसण्याची लाट उसळली. श्रीपतराव पुढे होऊन म्हणाले, "शांतप्पा, ह्येला जिनमध्ये सोंडेकडनं घालतूस का शेपटाकडनं?"

गुरुशांतप्पांचे कान तापले. नटाला पडद्यामागून हुर्यो ऐकू यावी आणि तरीही पुढे जावं लागावं, तसा तो क्षण. अंकुशरावांना हाकलून द्यायला त्यांनी हात उचललासुद्धा. पण समोर पाहिलं, आणि हात तिथेच थांबला. सगळा गाव त्यांच्या अंगणात उभा होता. कोणी इंजिनाला हात लावून बघत होतं, कोणी जिनच्या दातांत डोकावत होतं. आणि हसता हसता श्रीपतराव चाचणीत निघालेल्या सरकीच्या ढिगाला टेकले होते.

गुरुशांतप्पांनी इंजिन चालू करायला लावलं. माडीवर घेऊन ठेवलेला कापूस आणवला. यंत्र घरघरलं, रुई एकीकडे गेली, सरकी श्रीपतरावांच्या पायाशी पडली.

"बघा की," गुरुशांतप्पा म्हणाले.

श्रीपतरावांनी मूठभर उचलली. एकेक दाणा फिरवून पाहिला, एक दाताखाली धरला. "फुटकं तर दिसत न्हाई," ते पुटपुटले. "पण उगवतंय का?"

"तुमच्या घरी न्या. तुमच्याच हातानं पेरा. उगवलं न्हाई तर यंत्र मी स्वतः गाडीत घालून परत धाडतो."

मग ते अंकुशरावांकडे वळले. "तुमचं चित्र थरथरलं तर थरथरू द्या. पण हीच माणसं काढा, आणि हेच अंगण."

"आणि हत्ती?"

"आता आलाच हाय तर राहू द्या."

अंकुशरावांनी कॅमेऱ्याचं हँडल फिरवलं. पुढे श्रीपतरावांच्या परसातल्या कुंडीत सरकीने माना वर काढल्या, तेही जाऊन टिपलं.

जत्रेत तंबू फाटायची वेळ आली. चित्र मुकं होतं, म्हणून अंकुशराव पडद्याशेजारी उभे राहून नाटकी आवाजात बोलत होते. हत्ती आला, लोक खिदळले. मग पडद्यावर श्रीपतराव दाणा चावताना दिसले आणि बायकांतून त्यांच्या सत्यभामाबाई ओरडल्या, "अगं बया, आमचं म्हातारं." पुढच्याच चित्रात कुंडी, आणि कुंडीत हिरवे कोंब. खिदळणारे शेतकरी माना उंचावून बघू लागले. शेतकऱ्याला कोंब समजावून सांगावा लागत नाही.

जत्रा उठली आणि सडकेवरची पहिली गाडी अंगणात वळली. श्रीपतरावांचीच. "कामून बघायलास? उतरून घे," एवढंच ते बोलले. हंगाम सरला तरी यंत्र तिथेच राहिलं.

पुढे बारा-तेरा वर्षं ते जिन घरघरत होतं. गुरुशांतप्पा थकले, बाकड्यावरून बाजेवर आले, पण बाज मात्र त्यांनी अंगणाकडे तोंड करून टाकायला लावली. शेवटच्या दुपारी कमलम्मा पायाशी बसल्या होत्या. सडकेवर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, दाराशी येऊन थांबला. घरात आजारी माणूस म्हणून गाडीवान बाहेरच घुटमळत होता. गुरुशांतप्पांनी डोळे न उघडताच म्हटलं,

"त्याला म्हणावं, आत घे गाडी. उन्हात बैल कामून उभे करायलास?"