तलवारीच्या शेपटाला हात लावू नये

जिजाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नोएडातल्या घरी दूधवाल्याशी हुज्जत घालत होते. ताई एवढंच म्हणाली, "शैलू, हे गेले गं. ये." दिवाळीनंतरची दिल्ली ती, खिडकीबाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. मी मेट्रोने द्वारकेला ताईकडे निघाले. ब्लू लाइनचा तो प्रवास एरवीच संपता संपत नाही. घरी पोचले तर शेजारपाजारचे चारदोन लोक, कोपऱ्यात बंद केलेलं ऑक्सिजनचं मशीन, आणि टेबलावर जिजाजींचा मोबाइल वाजतोय. ताईने तो माझ्या हातात दिला. मेरठहून कोणी बोलत होता. दादाजींची तलवार आहे, जपानी आहे म्हणतात, साहेबांना दाखवायची होती. मी म्हटलं, साहेब आज सकाळी गेले. तो बिचारा गडबडला, माफी मागितली, आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "तो अब किसको दिखाएँ जी?" तेव्हा मला असा संताप आला म्हणून सांगू! आता तीन महिने होत आले, थंडीही गेली, आणि फोन अजून येताहेत. मी आणि ताई आळीपाळीने उचलतो. त्या मेरठवाल्याचं काही चुकलं नव्हतं. मलाही माहीत नाही, आता ह्या तलवारी कुणाला दाखवायच्या.

मधुकर शिर्के, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, केंद्र सरकारच्या एका खात्यात अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झाले. उभी नोकरी फायलींत गेली. पण दिल्लीच्या छावणीपासून चंडीगडपर्यंत फौजी घरांत त्यांना ओळखायचे ते तलवारवाले शिर्के म्हणून. दुसऱ्या महायुद्धात आपले जवान ब्रह्मदेशात लढले, जपान्यांनी शरणागती पत्करली तेव्हा त्यांच्या अफसरांनी तलवारी खाली ठेवल्या, आणि त्यातल्या कित्येक आपल्या लोकांच्या ट्रंकांतून इकडे आल्या. त्यांच्यात भर म्हणून शोभेच्या, नकली, बाजारू अशा शेकड्यांनी. खरी कुठली, खोटी कुठली हे सांगायचं काम जिजाजी करत, तेही फुकट, वर चहा पाजून. ह्या विद्येसाठी ते चक्क जपानी अक्षरं वाचायला शिकले होते. मला तेव्हा वाटलं, ऑफिसकडून टोकियोला जायचा बेत आहे. कसलं टोकियो! पासपोर्टसुद्धा नव्हता माणसाकडे. मी त्यांना सामुराई म्हणून चिडवायचे. मेहुणीचा हक्कच तो. ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "सामुराई नाही गं, क्लास वन गॅझेटेड."

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात रविवारी सकाळी हा दरबार भरायचा. जेवणाच्या टेबलावर ताईची जुनी गोधडी पसरायची. जिजाजी साबणाने हात धुणार, पुसणार, आणि मग तोंडावर रुमाल बांधणार, कारण श्वासाची वाफ पात्यावर बसली की डाग पडतो म्हणे. आलेले लोक डाकू बघितल्यासारखे बघत राहायचे. मग मुठीतला बांबूचा खिळा एका पितळी हातोडीने टुकटुक करून बाहेर काढायचा, मूठ सोडवायची, आणि मुठीच्या आत दडलेला पात्याचा भाग उघडा करायचा. त्याला ते शेपूट म्हणत. सगळी मेख त्या शेपटात. पातं घासता येतं, म्यान नवं करता येतं, पण शेपूट बनवणाऱ्याने जसं सोडलं तसंच राहतं. त्याच्यावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं, नाहीतर लष्करी कारखान्याचा शिक्का. आणि गंज. नवा गंज नारिंगी, बोटाला लागतो. जुना काळपट, बोटाला लागत नाही. तेजाब टाकून केलेला गंज त्यांना नुसत्या वासावर कळायचा, असं ते म्हणत. खरं की बढाई, देव जाणे.

त्यांचे निकाल तीनच. आहे, नाही, आणि सांगता येत नाही. पहिल्यावर मिठाई यायची. दुसऱ्यावर लोक थोडे रुसायचे, मग हसायचे. तिसऱ्यावर मात्र भडकायचे. एवढ्या लांबून आलो, दोन तास बसलो आणि कह नहीं सकते? जिजाजी शांतपणे खिळा परत ठोकून द्यायचे.

आणि हा तिसरा निकाल सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला यायचा? आपल्याच लोकांच्या. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या जवानांच्या घरांत, खंडेनवमीला. आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली तलवार घरात असली की नवमीला शस्त्रपूजन आलंच. मग घरातल्या बायका ती मूठबीठ काढून, राख आणि चिंच लावून, तांब्याच्या भांड्यासारखी लख्ख घासून काढत. शेपटासकट! हळदकुंकू वाहून, फूल ठेवून हात जोडत. भक्तिभावाने पुरावा पुसून टाकायचा, दरवर्षी. जिजाजी नवरात्राआधी छावणीतल्या घरोघरी जाऊन सांगायचे, पूजा खुशाल करा, पण शेपटाला हात लावू नका. एकदा मी बरोबर होते. एका हवालदाराची बायको कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "असं गंजकं पुजायचं का साहेब? देवाला काय वाटंल?" परतताना गाडीत जिजाजी स्वतःशीच हसत होते, पण नंतर हसू मावळलं. का मावळलं ते मला माहीत होतं.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा म्हणजे जिजाजींचे वडील. कोवळ्या वयात फौजेत गेले, ब्रह्मदेशात लढले, आणि येताना एक तलवार घेऊन आले. शरणागतीच्या वेळी एका जपानी अफसराने ती आपल्या हातात दिली, असं ते सांगत. गावातल्या भावकीने कधी विश्वास ठेवला नाही. रंगूनच्या बाजारातून विकत आणली असेल, असं म्हणून हसायचे. लग्नकार्यात कुणीतरी मुद्दाम विषय काढायचा आणि आबा तांबडेलाल होऊन उठून जायचे. जिजाजी ते बघत वाढले. तलवारींचं वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, हे वेगळं सांगायला नको.

म्हातारपणी आबा दिल्लीला लेकाकडे आले. रविवारचा दरबार ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघायचे, डोक्याला टोपी, हातात काठी. कुणाच्या आजोबांची तलवार खरी निघाली की आबा मान डोलवायचे. स्वतःची कधी काढली नाही. जिजाजींनीही विषय काढला नाही. ती आबांच्या ट्रंकेत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं... मला वाटतं, दोघेही एकमेकांना भीत होते.

एका रविवारी एका शीख ब्रिगेडियरचा मुलगा आला होता. त्याची तलवार अस्सल निघाली, म्यानावरचा नंबर आणि पात्यावरचा नंबर जुळला. मोठा आनंद झाला, बर्फी वाटली गेली. ते लोक गेल्यावर मी आणि ताई कप उचलत होतो. आबा आत गेले. बाहेर आले ते फौजेतल्या खाकी पट्ट्यांत गुंडाळलेली तलवार घेऊन. गोधडीवर ठेवली आणि लेकासमोर बसले.

"माझीपण बघ," म्हणाले.

जिजाजींनी पुन्हा हात धुतले, पुन्हा रुमाल बांधला. मूठ पितळेची होती, आपल्याकडची, गावच्या लोहाराने बसवलेली. जुनी मूठ सुटली होती म्हणून जिजाजींच्या आईने ती करून घेतली होती, आबा नोकरीवर असताना. लोहाराने नवीन मुठीत बसावं म्हणून शेपूट कापून आखूड केलं होतं आणि उरलेलं कानशीने घासलं होतं. पातं तर वर्षानुवर्षं राख-चिंच खाऊन आणि दसऱ्याला कोहळा कापून कापून झिजलं होतं. भिंग घेऊन जिजाजी इतका वेळ बघत राहिले की ताईने गॅसवरची आमटी दोनदा गरम केली.

"मग?" आबांनी विचारलं.

"सांगता येत नाही, आबा."

"मी सांगतोय ना."

"तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण हिच्यावरून सांगता येत नाही."

"असं होय," आबा म्हणाले. त्यांनी खाकी पट्ट्या नीट, फौजी शिस्तीत, पुन्हा गुंडाळल्या आणि तलवार आत नेली. जेवायला बसले तेव्हा आमटी चांगली झाली आहे म्हणाले. त्यानंतर रविवारी ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे नाहीत. आतल्या खोलीत रेडिओ लावून पडून राहायचे. दोन वर्षांनी गेले.

ताईने ह्या गोष्टीवरून नवऱ्याला कधी माफ केलं नाही, हे मी आज लिहितेय, कारण तिनेच लिही म्हणून सांगितलंय. आबांवर तिचा फार जीव होता. ती म्हणायची, बाहेरच्या सतरा लोकांशी गोड बोलता, बापाला एक शब्द देता आला नाही? कोण तपासायला येणार होतं? मीही तिचीच बाजू घ्यायचे. म्हातारा माणूस, एक 'आहे' ऐकून सुखाने गेला असता. जिजाजी बहुतेक वेळा पेपर तोंडापुढे धरायचे. एकदा फक्त म्हणाले, "आबांना खोटं कळलं असतं. मग त्या ब्रिगेडियरच्या मुलाला सांगितलेलंही त्यांना खोटंच वाटलं असतं." ताई म्हणाली, वाटलं असतं तर वाटलं असतं. ह्यावर दोघं आठवडाभर बोलली नाहीत.

पण मी बघितलेलं आहे. आबांच्या मागे जिजाजी मधूनच ती तलवार काढून बसायचे, एकटे. भिंग लावून, उन्हात तिरकी धरून, आडवी धरून. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत राहायची. त्यांना काहीतरी सापडावं, एखादी रेघ, एखादं अर्धं अक्षर, अशी आस दोघांनाही होती. काही सापडलं नाही. रिटायर होऊन क्वार्टर सोडलं, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये आले, तलवार बॉक्सवाल्या पलंगात रजयांच्या खाली गेली. तिथूनही ती निघायचीच.

शेवटची भेट झाली तेव्हा ते पलंगावर होते, नाकात नळ्या, मशीनची घरघर चाललेली. दिल्लीच्या हवेने त्यांच्या फुप्फुसांचं पार पोतेरं केलं होतं. मला म्हणाले, जरा ती काढ गं. मी आणि ताईने मिळून काढली. त्यांना मूठ सोडवायची ताकद नव्हती, ती मीच त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडवली. आखूड केलेल्या शेपटावर त्यांनी बोट ठेवलं, मग बोट निरखून बघितलं. आबांनी दाखवली त्या दिवसापासून त्यांनी तिथे कुणाला फडकं लावू दिलं नव्हतं. ते चकचकीत लोखंड आता तपकिरी झालं होतं.

"गंज धरतोय," ते म्हणाले. एवढ्या आजारात त्यांचा चेहरा खुललेला मी तेवढाच बघितला.

ताईने तेव्हा विचारलं. रागाने नाही, थकून विचारलं. "आता तरी म्हणा ना हो. माझ्यापुरतं."

डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग मान हलवली. "नाही गं. खरंच सांगता येत नाही." ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मूठ परत बसवली आणि मग आम्ही तिघांनी चहा घेतला.

तेराव्यानंतर गुलशन आला. करोल बागेत त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. तलवारी जमवायचा नाद आहे, आणि सगळं जिजाजींकडून शिकलेला. दिवसकार्यात मुलासारखा राबला होता. ताईच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने पलंग उघडायला लावला आणि आबांची तलवार त्याच्यापुढे ठेवली. म्हणाली, बघ. गुलशनने हात धुतले. तोंडाला रुमाल बांधला, अगदी तस्साच, मागे दोन गाठी मारून... मला तिकडे बघवेना. बराच वेळ त्याने तलवार उलटीपालटी केली. मग ताईच्या पांढऱ्या कपाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "आंटी, बिल्कुल असली है. मैं लिखकर देता हूँ."

वीस वर्षं ह्या एका वाक्यासाठी माझी बहीण नवऱ्याशी भांडली. मला वाटलं, आता ही रडणार. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ताईने माझा हात बाजूला केला.

"नहीं बेटा," ती म्हणाली. "तेरे अंकल ने कहा था, कह नहीं सकते."

गुलशनने रुमाल सोडला. त्याची मान खाली होती. "जी आंटी," तो म्हणाला. "कह नहीं सकते." आणि मग तोच ढसाढसा रडला. ताईने त्याला पाणी दिलं, जेवून जा म्हणाली.

त्यानंतर मी दर रविवारी द्वारकेला जाते. तसंही नोएडात एकटीने काय करायचं? ताई टेबलावर गोधडी पसरते, ती गोधडी आता विरून गेलीय. आम्ही दोघी हात धुतो, तोंडाला रुमाल बांधतो, दोन म्हाताऱ्या डाकू, आणि आबांच्या तलवारीची मूठ सोडवतो. मऊ फडक्याला तेल लावून मी पातं पुसत जाते, टोकापासून वर. कंटाळा येतो, खांदा दुखतो. परवा पुसता पुसता माझा हात सवयीने पुढे गेला, शेपटापर्यंत. ताईने माझ्या मनगटावर हलकीच चापट मारली.

"तिथे नको," म्हणाली. "तो गंज ह्यांचा आहे."