कापल्याशिवाय कळत नाही

मथुरा पहाटे साडेतीनला उठायची. चूल, भाकरी, कोंबड्या उरकून उजाडायच्या आत ती कातळाच्या सड्यावरच्या आंब्याच्या शेडीत पोचलेली असायची. शेडीचा मालक विनीत, वयाने तिच्या मुलासारखा. तो तासाभराने मोबाइल कानाला लावून यायचा आणि विचारायचा, "काकी, इलंस काय?" समोर बसलेल्या माणसाला आलीस का म्हणून विचारायचं, ही मालक लोकांची खोडच. मथुरा पुढचं फळ उचलायची.

कुणकेश्वरच्या आसपासच्या बागांचा हापूस या शेडीत येतो. कोणी पेंढा पसरतं, कोणी वजनाप्रमाणे फळं वेगळी करतं, कोणी पेट्या ठोकतं. पेटी भरणारी मात्र सगळ्यांत शेवटची. तिच्या हातातून फळ सुटलं की वर झाकण बसतं. त्यामुळे भरणीची मजुरी जास्त, आणि माल बिघडला तर शिव्याही तिलाच. मथुरा तीस वर्षं भरणीला बसत होती. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांना हे बसून करायचं काम वाटायचं. त्यांनी एक दिवस तशी मांडी घालून बघावी. संध्याकाळी दोघांनी धरून उठवावं लागलं असतं.

शेडीत नव्या आलेल्या पोरी आंबे चेंडूसारखे फेकायच्या. मथुरा त्यांच्याकडे नुसती बघायची. फार झालं तर म्हणायची, "आंबो ठेवूचो आसता, टाकूचो नाय." पुढच्या हंगामाला त्यांतल्या निम्म्या आलेल्या नसायच्या. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

हापूसला साका नावाची खोड असते. वरून फळ देखणं, सालीला रंग, देठाशी वास. आणि आत कोयीलगत पांढरट, भुसभुशीत, आंबट. वरून ते कळत नाही. मथुराला कळत नाही, विनीतला कळत नाही, त्याच्या बापालाही कळत नव्हतं. आपल्याला हात लावून कळतं असं सांगणारे बाजारात पुष्कळ भेटतात, ते सगळे थापाडे. कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापलेला आंबा पेटीत भरता येत नाही. शेंबड्या पोराला समजेल अशी ही गोष्ट, पण ती मथुराच्या गळ्याखाली उतरेना.

झालं असं, की पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने कापलेल्या आंब्यांचे फोटो पाठवले. चार फळं, चारही साक्याची. विनीतने फोन तिच्या तोंडासमोर धरला. "काकी, ही तुझ्या हातची पेटी." एवढं बोलून तो चहाला गेला. त्याच्यापुरता विषय संपला. दगड मारून चहा प्यायला जाणारी माणसं अशीच असतात.

मथुराने त्या दिवशी सुरी आणली. आधी ढिगातला एक आंबा कापून बघायची. मग पेटीमागे एक. तो खराब निघाला तर, बाकीचे कसे आहेत ते बघायला आणखी दोन. चांगला निघाला तर, तो नशिबाने तर चांगला निघाला नाही ना, हे बघायला आणखी दोन. कसंही झालं तरी सुरी चालायचीच. इतर बायका पेट्यांवर पेट्या लावत असायच्या आणि मथुरासमोर फोडींचा ढीग. ती सगळ्यांपेक्षा जास्त राबत होती, घाम गाळत होती, पाठ मोडून घेत होती. पण घाम आला म्हणजे काम झालं असं नसतं. गाढवालाही घाम येतो.

शेजारी बसणाऱ्या नर्मदाची मात्र फोडी खाऊन चैन झाली. "काय गो, आज साको गावलो काय? नाय तर आण हकडे. मथुराच्या संशयान माका जाडी केल्यान."

"शिरा पडो तुझ्या तोंडार," मथुरा म्हणायची आणि पुढचा आंबा कापायची.

गावात अशी माणसं कमी नाहीत. 'माका सगळा नीट लागता' म्हणून चारचौघांत मिरवायचं, आणि मनासारखा रंग मिळत नाही म्हणून घराचं दार दहा वर्षं बिनरंगाचं ठेवायचं. मथुरा अशांना हसत आली होती. आता तीच त्यांच्या पंगतीत जाऊन बसली होती, आणि ते तिला ठाऊक होतं. म्हणून झोप नव्हती. रात्रभर छाती धडधडायची.

एक दिवस तिने मनाचा हिय्या करून सुरी घरी ठेवली. हात मोकळे झाले ते अंगठ्याने फळं दाबायला लागले. प्रत्येक आंबा देठाशी, कुशीत, खाली. दोन दिवसांनी शेडीत राहिलेल्या तिच्या पेट्यांतल्या फळांवर काळे डाग उठले. प्रत्येक डाग तिच्या अंगठ्याएवढा.

विनीतने तिला भरणीवरून उठवलं. "काकी, तू आता पेंढो पसर."

पेंढा पसरायला नव्या पोरी असतात. मजुरी निम्मी. मथुरा उठली. नर्मदा तिच्या जागेवर सरकली आणि तिने आधी बसायचं पोतं झटकलं. मथुराने ते पाहिलं. हंगामाचा मोठा भाग अजून पुढे होता. ही जागा या वर्षी गेली तर पुढच्या वर्षी कोण बोलावणार होतं?

धडधड थांबेना तेव्हा ती ग्रामीण रुग्णालयात गेली. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, काळीज ठणठणीत आहे म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या खोलीत पाठवलं. तिथे संचिता नावाची मुलगी गुरुवारी बसायची. मूळची मसुऱ्याची, समुपदेशनाचं शिकून आलेली. भिंतीवर उगवत्या सूर्याचं चित्र, टेबलावर प्लास्टिकची फुलं. मथुराने खोलीत पाय टाकतानाच ओळखलं, की इथे काही मिळायचं नाही.

"काकी, आधी थोडा वेळ आपल्या श्वासाकडे लक्ष द्या."

"श्वास आपसूक चलता, बाय. तेका मजुरी लागणा नाय."

संचिता हसली नाही, रागावलीही नाही. तिने श्वास सोडून दिला आणि सगळी हकीकत विचारून घेतली. मथुराला वाटलं, आता ही म्हणेल, काळजी करू नका, तुमच्या हातून खराब आंबा जाणार नाही. सगळे तेच म्हणत होते. पोरगी म्हणाली, "साका असू शकतो."

"मगे तू माका धीर देवक बसलंस काय भिववक?"

"दोन्ही नाही. प्रत्येक आंबा चांगलाच आहे अशी खात्री मी देऊ शकत नाही. सुरी पण देऊ शकत नाही, हे तुम्ही बघितलंत. आंबा हातात घेतला की मनात नेमकं काय येतं?"

मथुराने खिडकीबाहेर पाहिलं. "हेच्यात साको आसतलो. आणि लोक म्हणतले, मथुराचो हात गेलो."

"मग हा विचार येऊ दे. त्याला गप्प करू नका, त्याच्याशी भांडू नका, तो खरा की खोटा ते बघायला फळ कापू नका. तो बडबडत असताना तुम्ही पुढचा आंबा ठेवा."

"आणि छातीत धडधडता ता?"

"ते पण राहू दे. धडधडत असताना हात हलतो का?"

मथुराने विचार केला. "हलता."

एवढ्यासाठी एसटीचं तिकीट काढून जायचं! ना गोळी, ना ताईत. परतताना ती गाडीत फणफणत होती. येऊ दे, राहू दे, असू दे. देवळाच्या पायरीवर बसलेला भिकारीही हे फुकट सांगतो.

तरी पुढच्या गुरुवारी ती गेली. का गेली हे तिलाही सांगता आलं नसतं. धडधड होतीच, आणि पेंढ्याने हाताला खाज सुटली होती. संचिताने या वेळी वेगळंच विचारलं. "ही भरणीची जागा तुम्हाला परत कशासाठी हवी?"

"न्हाणयेक."

संचिताला संबंध कळला नाही, तेव्हा मथुराने सांगितलं. परसात माडाच्या झापांचा आडोसा होता, त्यामागे ती आंघोळ करायची. नवरा होता तोवर दरवर्षी झाप तो बदलायचा. तो गेल्यापासून ती. वारा आला की झाप उडायचे. बाजूने वाट, वाटेने गडीमाणसं. आता गुडघे वाकत नव्हते, आणि ओलेत्याने उठून उडालेला झाप धरायचं वय राहिलं नव्हतं. दाराची न्हाणी हवी होती. भरणीच्या मजुरीत ती झाली असती, पेंढ्याच्या मजुरीत नाही.

"म्हणजे एकही आंबा खराब जाऊ नये, यासाठी तुम्ही तिथे बसत नाही," संचिता म्हणाली.

मथुराला राग आला. तीस वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते कालच्या पोरीने.

दुसऱ्या दिवशी ती विनीतसमोर उभी राहिली. "माका भरणीक बसव."

"काकी, तू परत कापतलंस."

"सुरी हयच ठेय, माझ्या म्होरं. आंबो कापलंय तर परत पेंढ्यात घाल. मी तोंड उघडूचंय नाय."

"आणि मगे आमच्या खावच्याचा काय?" नर्मदा पोत्यावरून ओरडली. बायका हसल्या. विनीतलाही हसू आलं, आणि त्या हसण्यातच तो हो म्हणून गेला.

मथुरा बसली. मन निवळलं, शांत वाटलं, असलं काही झालं नाही. पहिल्याच फळाला विचार आला: साको आसतलो. 'आसात,' ती मनात म्हणाली, असेल तर असेल, आणि आंबा पेंढ्यात ठेवला. दुसऱ्याला तेच. 'आसात.' तिसऱ्याला छाती इतकी धडधडली की चोळी हलताना दिसली असती. ठेवला. विचार माशीसारखा होता. हाकलला तर परत येणार, म्हणून तिने हाकलला नाही. दुपारी एकदा हात सुरीवर गेला. नर्मदा टपूनच होती. "कापतंस?"

"नाय. तुझी जीभ लांब झाली काय ता बगतंय."

संध्याकाळी तिच्यासमोर फोडी नव्हत्या. पेट्या होत्या. अंग मोडून आलं होतं, पण त्या मोडण्याला काही अर्थ होता.

मेच्या मध्यावर नाशिकहून फोटो आला. विनीतने फोन बाहेर काढला. आता मथुरा रडणार, सुरी उचलणार, काहीतरी होणार, म्हणून बायकांचे हात थांबले. दुसऱ्याचा तमाशा बघायला मिळाला तर आपल्या लोकांना मजुरी बुडाल्याचंही दुःख नसतं.

"काकी, तुझीच पेटी."

मथुराने फोन हातात घेतला. नीट पाहिलं. कानापर्यंत धडधड चढली. साका होता, चांगला बोटभर.

"व्हय. साको. तेका दुसरी पेटी दी," ती म्हणाली, फोन परत दिला आणि पुढचा आंबा उचलला. धडधडत असतानाच तिने तो पेटीत ठेवला.

"रडणा नाय गो ही!" नर्मदाला फारच चुकल्यासारखं झालं.

"रडतलंय घराकडे. हयसर मजुरी आसा."

हंगाम संपेपर्यंत ती जागेवरून उठली नाही. शेवटच्या आठवड्यात ती संचिताकडे गेली. "आता बरं वाटतं?" संचिताने विचारलं.

"नाय. रोज येता तो विचार."

"आणि काम?"

"काम जाता, आडणा नाय."

संचिताने मान डोलावली. तिला याच्यापेक्षा जास्त काही नको होतं, हे पाहून मथुराला पहिल्यांदाच त्या पोरीबद्दल थोडं बरं वाटलं. तसं तिने दाखवलं नाही.

पाऊस लागायच्या आत न्हाणी बांधून झाली. गवंड्याने उतार साधला नाही. कोपऱ्यात ओंजळभर पाणी साचतं. नर्मदा मुद्दाम बघायला आली, वाकून वाकून तिने ते साचलेलं पाणी शोधून काढलं आणि लादी फोडून परत घालायला सांगितली. मथुराने खराट्याने पाणी लोटलं आणि तिला बाहेर काढलं. मग तिने कडी लावून बघितली. चिऱ्याच्या चार भिंती, वर पत्रा, आणि आतून कडी लागणारं दार: तीस हंगामांच्या मजुरीतून शेवटी तिच्या एकटीसाठी एवढं झालं.