जिन

माझी माय अकोल्याच्या एका जिनात कामाला होती. मशीनमध्ये कापूस लोटायचा, सरकी वेगळी पडायची. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवयांवरही कापूस असायचा. वडील नव्हते. तिच्याच मजुरीवर मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात गेले.

पहिल्याच वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली आणि अर्थ विचारला. मला येत होता. मी उभी राहिले. "सर, जिथं सरकी काढतात तो कारखाना. माझी आई जिनात जाते."

सर पुण्याकडचे. हसून म्हणाले, "ते तुमच्या वऱ्हाडात. इंग्रजीत जिन म्हणजे दारू." वर्ग हसला. नंतर मुली मला विचारत, "काय गं, आई कितीची बाटली भरते?"

मी लायब्ररीत जाऊन जाडा शब्दकोश काढला. दारूचा जिन वेगळा, तो एका झाडाच्या फळाच्या नावावरून आलेला. आमचा जिन 'इंजिन'चं डोकं उडवून उरलेला. मुळात त्याचा अर्थ हुशारी, मग युक्ती, मग यंत्र. आणि जनावरं धरायचा सापळा, हाही अर्थ होता. मी सगळं वहीत उतरवलं. सरांना दाखवणार होते.

त्याच आठवड्यात निरोप आला. मायचा पदर मशीनमध्ये गेला होता आणि पदरामागून हात. उजव्या हाताची चार बोटं गेली. दवाखान्यात मॅनेजर येऊन म्हणाला, "बाईनं पदर खोचायला पाहिजे होता."

तो गेल्यावर मायनं विचारलं, "काय शिकून रायली तिथं?"

मी तिला तो शब्द सांगितला, सापळ्याचा अर्थही सांगितला.

"हे समजाले पुस्तक कायले लागते?" ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

जिनानं तिला परत घेतलं नाही. कॉलेजात परतल्यावर मी सरांसमोर वही धरली. त्यांनी ती वाचली. "बरोबर आहे," म्हणाले, "पण परीक्षेला हे येत नाही."

पुढं मी इंग्रजीचीच मास्तरीण झाले. माय डाव्या हातानं जेवायला शिकली. लग्नाकार्याच्या पंगतीत मात्र ती पुन्हा कधी बसली नाही.