कुणाचं तरी बुबुळ

डॉक्टरांनी बुबुळ बदलायचं नाव काढलं, त्या दिवसापासून माझी झोप गेली. केराटोकोनस हा शब्द मला नीट म्हणताही येत नव्हता. जालन्याच्या डॉक्टरांनी कागदावर पेनाने काढून दाखवलं होतं की, बुबुळ गोल राहण्याऐवजी शंकूसारखं पुढे येतं, पातळ होत जातं, मग एका वस्तूच्या चार-चार वस्तू दिसायला लागतात. उजव्या डोळ्याला त्यांनी किरणांचा उपचार केला आणि तो आहे तिथे थांबला. डाव्याला मात्र उशीर झाला होता. एका उन्हाळ्यात तो अचानक दुखून आला, पाणी थांबेना, आणि दुखणं गेलं तेव्हा बुबुळावर पांढरा डाग राहिला. कडक लेन्स बसत नव्हती. आता दुसऱ्याचं बुबुळ बसवणं एवढाच इलाज उरला होता, त्यासाठी त्यांनी मला संभाजीनगरच्या डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

देऊळगाव राजापासून जवळच आमचं गाव. शेतात शेडनेट आहे, त्यात आम्ही मिरचीचं बियाणं धरतो. संध्याकाळी चिमट्याने कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग त्याच कळीला लावायचे. हे काम डोळ्यांचं. माझ्या हातून कळ्या मोडायला लागल्या तेव्हा यांनी मला काही न बोलता बाजूला बसवलं आणि पाण्याच्या नळ्या बघायला सांगितलं. ते न बोलणंच मला जास्त लागलं. उजवा डोळाही असाच गेला तर काय, हा विचार आला की मी अंथरुणात उठून बसायचे. आणि ऑपरेशनचा विचार आला की उजाडेपर्यंत तशीच बसून राहायचे.

घरात दोन तट पडले होते. यांचं म्हणणं, करून टाकू. सासूबाईंना ते नावही सहन होत नव्हतं. मेलेल्या माणसाचा डोळा घेऊन सून घरात फिरणार, तिला काय-काय दिसेल कोण जाणे, असं त्या शेजारणींजवळ बोलायच्या. जाऊबाईंनी लोणारच्या एका ओळखीच्या माणसाचं सांगितलं. त्याचं बसवलेलं बुबुळ दोन-तीन वर्षांनी पांढरं पडलं, शरीराने ते स्वीकारलंच नाही म्हणे. संभाजीनगरच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते खोटं बोलले नाहीत. बहुतेकांना फायदा होतो, पण खात्री कुणीच देणार नाही, आणि औषधाचे थेंब फार दिवस सोडता येणार नाहीत, असं म्हणाले. त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. बुबुळ मिळालं की फोन येईल, म्हणाले. तेव्हापासून फोन वाजला की मी तो यांच्याकडे सरकवायचे.

शेवटी एका शनिवारी मी देऊळगाव राजाच्या बालाजीच्या दर्शनाला गेले. लहानपणापासून मी त्याच्यापुढे उभी राहत आले, पण त्या दिवशी मागायला काय मागावं हेच कळेना. समईची एक ज्योत मला पाच-सहा होऊन दिसत होती आणि देवाचा चेहरा त्यांच्यामागे हलत होता. मी मनाशी ठरवलं, देवाच्या हारातलं फूल उजवीकडे पडलं तर ऑपरेशन करायचं, डावीकडे पडलं तर नाही. डोळे ताणून किती तरी वेळ उभी राहिले. मागच्या बायका सरका म्हणत होत्या. आणि खरंच काही तरी पिवळं खाली आलं. पण मला ते दोन्हीकडे पडताना दिसलं. एकच फूल होतं की दोन, उजवीकडे की डावीकडे, काही म्हणजे काही कळलं नाही. पुजाऱ्यांना विचारायचा धीर झाला नाही. देवाने कौल दिला आणि तो वाचायला मला डोळे नाहीत, असं वाटून मी बाहेर ओट्यावर येऊन बसले, आणि पदर तोंडाला लावून रडले.

तिथे एक म्हातारी बाई माझ्याजवळ येऊन बसली. साखरखेर्ड्याकडून आले, म्हणाली. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता, अंगावरचं पातळ हिरवं होतं एवढं कळत होतं. डोळ्याले काय झालं, म्हणून तिने विचारलं, आणि परक्या माणसाला सांगणं सोपं असतं म्हणून असेल, मी सगळं सांगून टाकलं. कुणाचं तरी बुबुळ लावायचं आहे आणि मला फार भीती वाटते, हेही सांगितलं. तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. मला वाटलं, हिलाही किळस आली. मग ती अगदी हळू आवाजात बोलली.

"पोरी, माह्या मालकाचे डोळे देले मी. ते गेले तवा दवाखान्यातल्या बाईनं विचारलं, अन् मी हो म्हनलं. आता भावकी म्हनते, तो पुढच्या जन्माले आंधळा येईन. दर शनिवारी मी देवाले विचारते, तो काही बोलत नाही. म्या पाप तं नाही ना केलं?"

मी धीर मागायला आले होते आणि ही मलाच विचारत होती. तिने माझा हात घट्ट धरला होता. काय बोलावं याचा मी विचार केलाच नाही.

"नाही, मावशी," मी म्हणाले. "पाप कसलं?"

"तुले काय माहीत?"

"मलेच माहीत. मी तशाच डोळ्याची वाट पाहून राह्यले."

बोलून गेल्यावर मी स्वतःच थांबले. वाट पाहते आहे, असं मी तोवर कुणाजवळच म्हटलं नव्हतं, मनाशीसुद्धा नाही. त्या बाईने माझ्या डाव्या पापणीवर आपला खरखरीत अंगठा अलगद ठेवला. "मंग लावून घे, बाई," ती म्हणाली. "मले बरं वाटंल." तेवढ्यात तिच्या सोबतच्या बायकांनी बससाठी हाक मारली, ती उठली, आणि मी तिचं नावही विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात फोन आला. आम्ही शेडनेटमध्ये होतो, फोन यांनी उचलला. दवाखान्यातली बाई म्हणाली, बुबुळ आलंय, उद्या सकाळी भरती व्हा, जमत नसेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्या पेशंटला देऊ. यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तू सांग. डोळा तुझा आहे." आज कुठल्या तरी घरात रडारड चालू असेल, आणि त्या रडण्यातून कुणी तरी हो म्हटलं असेल, हे मनात आलं आणि भीती कमी होण्याऐवजी वाढली. पण मी "येते" म्हणाले.

भीती गेली आणि मग मी गेले, असं मी लिहिलं तर ते खरं होणार नाही. जालन्याची बस, पुढची बस, दवाखान्याचा जिना, सगळीकडे ती माझ्याबरोबर होती. टेबलावर झोपवलं तेव्हाही ती गेली नव्हती. नामस्मरण करावं म्हटलं तर बालाजीचं एक नाव आठवेना. तोंडातून एवढंच आलं, "आता तूच बघ."

पट्टी काढली तेव्हा काही उजेड फाकला नाही. धुरकट, दुधाळ दिसत होतं, आणि डोळ्यात टाके होते. दिसणं हळूहळू येत गेलं, महिन्या-महिन्याने, टाके निघत गेले तसं. मध्ये एकदा डोळा लाल होऊन आला, आणि लोणारच्या माणसाची आठवण येऊन संभाजीनगरला जाताना मी वाटभर यांचा हात सोडला नाही. थेंब वाढवले, डोळा निवळला. आता चष्मा लावून मिरचीचं फूल एकच दिसतं, आणि हातात चिमटा पुन्हा आला आहे. त्या मावशीला मी बालाजीच्या देवळात अनेकदा शोधलं. पण मी तिचा चेहरा पाहिलाच नव्हता, ओळखणार कशी? देवाने तिला पाठवलं, की दोन घाबरलेल्या बायका एका ओट्यावर बसल्या एवढंच झालं, हे मी ठरवत नाही. मला ते ठरवायचं नाही.

यंदा सर्वपित्री अमावास्येला मी एक पान जास्त मांडलं. सासूबाईंनी विचारलं, हे कोणाचं? सांगायला माझ्याकडे नाव नव्हतं, बाई की माणूस हेही ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या डोळ्याकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी स्वतःच्या हाताने त्या पानावर भात वाढला, त्यावर वरण घातलं, आणि म्हणाल्या, "खीर आन. आपल्या घरचंच मानूस हाय ते."

भीती अजून आहे. उद्या हे बुबुळ साथ देईल की नाही, मला सांगता येत नाही. पण रोज सकाळी थेंब घालताना आता मी देवाला कौल मागत नाही. दिलं ते दिसतंय, एवढंच त्याला सांगते, आणि डोळा मिटून घेते.